दुमडता चाप

मी जुनी रिव्हॉल्व्हरं जमवतो असं म्हटलं की ऐकणारा जरा सावरून बसतो. त्याच्या डोळ्यांपुढे घोडे, धूळ, रुंद काठाच्या टोप्या असं काहीतरी येत असावं. मग तो आग्रह करतो, मी आढेवेढे घेतो, आणि शेवटी कपाट उघडतो. कपाट उघडलं की त्याचं तोंड पडतं. "एवढीशीच?" असं तो तोंडानं म्हणत नाही, पण माझं सारं आयुष्य विमा कंपनीत लोकांचे चेहरे वाचण्यात गेलंय. मला कळतं.

माझी रिव्हॉल्व्हरं तळहाताएवढी आहेत. मुलामा उडालेली, कारखान्याचं नाव नसलेली. ती कुणा शूर माणसासाठी केलेलीच नव्हती. शंभर वर्षांपूर्वी सायकली नव्या आल्या तेव्हा गावोगावची कुत्री त्या दोन चाकांच्या मागे पिसाळल्यासारखी धावत. बिचाऱ्या सायकलस्वारानं खिशातून हे काढायचं, एक बार काढायचा आणि कुत्र्याला घाबरवायचं. गोळीऐवजी मीठमिरची भरलेली काडतुसंही मिळत. चाप दुमडून रिव्हॉल्व्हरच्या पोटाला चिकटवायचा, म्हणजे खिशात अडकत नाही. भित्र्या, सभ्य, संध्याकाळी वेळेवर घरी परतणाऱ्या माणसांचं हत्यार होतं ते. मला त्यांच्याबद्दल पहिल्यापासून आपुलकी वाटत आली आहे.

जगातल्या संग्राहकांना मात्र वाटत नाही. आमच्या लिएज शहराच्या क्रीडागृहात दरवर्षी जुन्या शस्त्रांचा बाजार भरतो. तिथे मोठमोठ्या अमेरिकन रिव्हॉल्व्हरवाल्यांना मधली टेबलं मिळतात आणि मला मिळतं स्वच्छतागृहाच्या दाराशेजारचं. गेल्या खेपेला मी कॉफी पिऊन बशी टेबलावर ठेवली होती. जो तो आत जाताना त्या बशीत एक नाणं टाकून जाई. एका बाईंनी तर बाहेर येऊन सांगितलं, "काका, आतला कागद संपलाय." मी ताठ बसून राहिलो. पण नंतर उठून कागद ठेवला, कारण बाई फार सभ्य होत्या.

आता तुम्ही म्हणाल, मग हा उद्योग करायचाच कशाला? त्याचं कारण आमच्या घरात खालच्या खोलीत राहतं. ते म्हणजे माझे सासरे, सेर्वेबाबा. वय नव्वदीच्या पुढे, एक डोळा अधू, जीभ शाबूत.

लिएजच्या वरच्या अंगाला ही आमची टेकडी आहे, तिच्यावर एके काळी घरोघर बंदुकांचं काम चाले. कारखाना असा नव्हताच. एका घरात नळ्या, दुसऱ्यात मुठी, तिसऱ्यात नुसते स्क्रू. खिडकीखाली बाक, बाकावर कानस, शेजारी सूप उकळतंय, असा सगळा मामला. बायका पाठीवर टोपली बांधून या घरातलं काम त्या घरात पोचवायच्या. पुरं रिव्हॉल्व्हर कुठल्याच घरात होत नसे. सेर्वेबाबांचं घर चापवाल्यांचं. बाप, काका, हे स्वतः, सगळे चाप घासत. ह्या माणसानं जन्मात एक गोळी झाडलेली नाही आणि निम्म्या जगाच्या बोटाखाली ह्यांच्या घरचे चाप होते. निदान ते तसं सांगतात.

पहिलं रिव्हॉल्व्हर मी एका माळ्यावरच्या जुन्या सामानाच्या विक्रीत घेतलं ते त्यांना खूश करायला. त्यांनी ते खिडकीशी नेलं, चाप अंगठ्यानं उघडला, मिटला, आणि माझ्या हातात परत दिलं.

"पलीकडच्या बोदसोनांच्या घरचा आहे. फालतू काम. आमचा नव्हे, जावईबापू."

झालं. तिथून मी हट्टाला पेटलो. ह्यांच्या घरचा चाप असलेलं एक तरी रिव्हॉल्व्हर शोधून म्हाताऱ्याच्या हातात ठेवायचंच. नामूरला गेलो, सीमेपलीकडे मास्ट्रिक्टला गेलो, पावसात भिजलो, सर्दी घेऊन आलो. दर वेळी तेच. खिडकी, अंगठा, उघड, मिट, "आमचा नव्हे." माझी बायको जिलबेर्त माझ्या कपाटाला 'कुत्र्यांचा खुराडा' म्हणू लागली. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

ज्या रिव्हॉल्व्हरमुळे पुढचं सगळं रामायण घडलं, ते मी त्यांना दाखवलंच नव्हतं. त्याचा चाप मोडका होता. म्हणजे मोडका नव्हे, आतली कमान, म्हणजे स्प्रिंग, तुटलेली, त्यामुळे तो लुळा लोंबत होता. असा लुळा चाप सेर्वेबाबांपुढे नेला असता तर त्यांनी मला रात्रीच्या जेवणापर्यंत सोलून काढलं असतं. मी ते कपाटात मागे, टेबलक्लॉथच्या खाली ठेवून दिलं. कमान बसवून घेऊ कधीतरी, म्हटलं.

तेवढ्यात सरकारनं नवा कायदा केला. घरातलं प्रत्येक हत्यार जाहीर करा. फार जुनं असेल तर ठेवा, नसेल तर परवाना घ्या, नाहीतर जमा करा. जमा झालेली हत्यारं पोलाद वितळवतात त्या भट्टीत जाणार. माझी बाकीची रिव्हॉल्व्हरं जुन्या यादीत सहज बसली. हे लुळंच मधोमध अडकलं, कारण ते नक्की कधीचं हे कुणालाच सांगता येईना.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. पलीकडच्या पियेतबाई दुधातल्या गोड भाताचा टार्ट घेऊन आल्या. त्या टार्ट घेऊन आल्या की सल्ला येतोच.

"पुरा हो ते. माझ्या कांद्याच्या पातीखाली पुरा. लढाईच्या वेळी आईनं तिथेच डुकराची मांडी पुरली होती, कुणाला सापडली नाही."

"मग काढली कधी?" मी विचारलं.

"आम्हालाही सापडली नाही," बाई म्हणाल्या आणि टार्ट कापू लागल्या.

कबुतरं उडवणारे फान्यूल खिडकीतूनच बोलले. "शर्यतीत कबुतरं सोडायला बार लागतो म्हणून सांगा. क्लबाचा शिक्का मी देतो."

"कबुतरं बार ऐकून सुटतात?"

"छे. बार ऐकला तर ती मोरोक्कोतच उतरतील. पण हे त्या कचेरीतल्यांना कुठे ठाऊक असतं?"

मी सरळमार्गी माणूस. हयातभर दुसऱ्यांचे अर्ज परत पाठवले, तेव्हा अर्ज कसा भरतात हे मला शिकवायची गरज नव्हती. हत्याराचा हेतू काय, असा एक रकाना होता. मी खरं ते लिहिलं, 'सायकलस्वाराचे कुत्र्यांपासून संरक्षण.' चार दिवसांनी फोन आला.

"तुम्ही सायकल चालवता?"

"गुडघे गेल्यापासून नाही."

"तुमच्यावर कुत्रं धावून येतं?"

"नाही हो. शेजारचं कुत्रं बिचारं आंधळं आहे."

पलीकडे पेन खरखरल्याचा आवाज आला. मग मला डॉक्टरांकडे जायला सांगण्यात आलं. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला हवा होता. आमचे डॉक्टर माझ्याच वर्गातले. त्यांनी दाखला दिला, पण देताना इतके हसले की सही वाकडी आली आणि ती ओळखू येत नाही म्हणून कागद परत आला.

पुढे तर कहर झाला. रिव्हॉल्व्हर चालत नसेल तर ते शोभेची वस्तू म्हणून घरी ठेवता येईल, असं कळलं. मी म्हटलं, चालत नाही. ते म्हणाले, तसं प्रमाणपत्र आणा. प्रमाणपत्र देणारा म्हणाला, काडतूस घालून पाहिल्याशिवाय मी कसं लिहून देऊ? काडतूस विकणारा म्हणाला, ही काडतुसं माझ्या आजोबांच्या वेळी बंद झाली, आणि असती तरी परवान्याशिवाय देता येत नाहीत. परवाना कशाचा? तर रिव्हॉल्व्हरचा. मी फोन खाली ठेवला आणि कपाळाला हात लावला. इतका सुंदर फेरा आम्हाला विमा कंपनीतसुद्धा कधी जमला नव्हता.

अखेर तोडगा निघाला. ग्रामसभागृहात तपासणीचा दिवस ठरला. पोलीस खात्याच्या बाई येणार, हत्यार हातात घेऊन बघणार. चाप ओढून काही घडलं नाही तर शोभेची वस्तू, घेऊन जा घरी. माझा जीव भांड्यात पडला. लुळा चाप मला वाचवणार होता. जेवताना मी फुशारकीनं म्हणालो, "ते हातात धरतील नि हसतील. चापच चालत नाही त्याचा, निव्वळ भंगार आहे."

"कुठल्याचा चाप चालत नाही?" टेबलाच्या टोकावरून सेर्वेबाबा म्हणाले.

"तो हो, टेबलक्लॉथखालचा," जिलबेर्त म्हणाली. बायको ही अशी असते. वीस वर्षं गोष्ट पोटात ठेवील आणि नेमक्या त्या दिवशी वाढायच्या चमच्यासकट बाहेर काढील.

"बाबा, तुमच्या लायकीचा नाही तो," मी घाईनं म्हणालो.

म्हाताऱ्यानं बशीतला रस्सा पावानं निपटला आणि लवकर झोपायला गेला. तिथेच मला संशय यायला हवा होता.

तपासणीच्या आदल्या दिवशी मी नक्कलप्रती काढायला खाली शहरात गेलो. परत आलो तर दिवाणखान्यातलं घड्याळ बंद. निवृत्तीच्या दिवशी कंपनीनं दिलेलं, किल्लीचं, वर माझं नाव कोरलेलं. किल्ली दिली तर नुसती गरगर फिरली. सेर्वेबाबांच्या नखांत काळं होतं आणि ते गोड सिरपात शिजवलेले मटणाचे गोळे दुसऱ्यांदा मागून घेत होते. वर तोंडानं शीळ. ह्या माणसाला शीळ घालताना मी सासूबाई गेल्यापासून ऐकलं नव्हतं. मला बरं वाटलं. म्हटलं, म्हाताऱ्याची तब्येत सुधारतेय.

दुसऱ्या दिवशी सभागृहात अर्धं गाव जमलं होतं. कुणाच्या हातात आजोबांची शिकारी बंदूक, कुणाच्या पिशवीत लढाईतली संगीन. पियेतबाईंकडे काहीच नव्हतं, त्या गंमत बघायला आल्या होत्या. सेर्वेबाबांनी येण्याचा हट्ट धरला, रविवारचा कोट चढवला, टाय बांधला. मी त्यांना पुढच्या खुर्चीवर बसवलं आणि रांगेत उभा राहिलो.

तपासणीच्या रेनसोनबाई तरुण आणि कडक होत्या. माझा नंबर आला. मी रुमाल उलगडला आणि जरा मोठ्यानं, मागच्यांनाही ऐकू जावं अशा बेतानं म्हणालो, "बाई, तुमचा वेळ घेत नाही. हे चालत नाही. नुसतं बघायचं खेळणं आहे."

बाईंनी नळी बघितली, आत दिवा मारला, चाप अंगठ्यानं खाली घेतला. चाप टक् करून उभा राहिला. मी चमकलो. बाईंनी तो ओढला. बारीक, स्वच्छ आवाज झाला आणि फिरती चकती एक घर पुढे सरकली. पुन्हा ओढला, पुन्हा एक घर. लोण्यातून सुरी फिरावी तसं चाललं होतं ते.

"हे तर छान चालतंय," बाई म्हणाल्या.

मागे कुणीतरी खुदकन हसलं. आणि पुढच्या खुर्चीवरून खणखणीत आवाज आला, "चालणारच. आमच्या घरचा चाप आहे."

मी वळून बघितलं. सेर्वेबाबा उठून उभे होते, काठीवर दोन्ही हात, छाती पुढे. नव्वदीचा माणूस नवरदेवासारखा दिसत होता. त्या क्षणी मला दोन गोष्टी एकदम कळल्या. एक म्हणजे माझं घड्याळ का बंद पडलं. आणि दुसरी, की ज्या चापासाठी मी गावोगाव वणवण केली तो माझ्याच कपाटात टेबलक्लॉथखाली पडला होता, आणि सापडला त्याच मिनिटाला हातातून गेला होता.

"बाबा, अहो काय केलंत हे?" मी कळवळून म्हणालो. "मोडका होता म्हणून वाचत होता तो."

"मोडका? आमचा चाप मोडका म्हणून चारचौघांत दाखवायचा? वा रे जावईबापू. कमान बोदसोनांची होती, ती तुटली. चाप जसाच्या तसा आहे."

रेनसोनबाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांचा स्वर मऊ झाला होता, पण नियम मऊ झाला नव्हता. "आजोबा, चालू हत्यार आहे. परवाना नाही. मला ते ठेवून घ्यावं लागेल."

"भट्टीत जाणार?"

"हो."

आमच्या टेकडीवर असं एक घर नाही की ज्यात कुणाच्या तरी आजोबांनी कानस चालवली नाही. फान्यूलांनी टोपी काढली. मला तर पुढे होऊन बाईंना काहीतरी सुनवावंसं वाटलं, पण हयातभर मीच लोकांना नियम सुनवत आलो होतो, तेव्हा रुमाल खिशात घातला.

सेर्वेबाबा टेबलाशी आले. "पोरी, एक सांग. तुझ्या कायद्यात हत्यार म्हणजे काय काय येतं?"

बाईंनी पुस्तिका काढली. "नळी. फिरती चकती. सांगाडा."

"आणि चाप?"

बाईंनी पान उलटलं, परत मागे आल्या. "चाप लिहिलेला नाही."

"कसा लिहितील? चापवाल्यांना कुणी कधी विचारलंय?" म्हाताऱ्यानं कोटाच्या आतल्या खिशातून एक लहान स्क्रूड्रायव्हर काढला. रविवारच्या कोटात स्क्रूड्रायव्हर घेऊन फिरणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. "नळी तुझी, चकती तुझी, सांगाडा तुझा. घाल भट्टीत. हा माझा."

बाईंनी इकडे तिकडे पाहिलं, मग रिव्हॉल्व्हर त्यांच्याकडे सरकवलं आणि दुसऱ्या कागदांत डोकं घातलं. म्हाताऱ्याचे हात चहाचा कप धरताना थरथरतात, पण तिथे थरथरले नाहीत. स्क्रू निघाला, खिळा निघाला, चाप त्यांच्या तळहातावर आला. बाकीचं धड टेबलावर राहिलं, दात काढलेल्या तोंडासारखं. पियेतबाईंनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि जिलबेर्तनं त्यांचे हात धरले.

घरी येईपर्यंत मी रागानं धुमसत होतो. माझं रिव्हॉल्व्हर गेलं, घड्याळ गेलं, सगळ्या गावासमोर तोंडघशी पडलो. "निदान मला सांगायचं तरी," मी म्हणालो. "तुमचाच आहे हे कळल्यावर आपण दोघांनी मिळून तो मोडकाच ठेवला असता."

"एकदा आवाज ऐकायचा होता," ते म्हणाले. मग खिडकीशी बसून त्यांनी मला चाप दाखवला. आतल्या बाजूला, दुमडल्यावर लपतो तिथे, नखाएवढा एक ओरखडा होता.

"तुमच्या हातून ओरखडा?" मी तेवढ्यात सूड उगवून घेतला.

"मुद्दाम मारलेला." ते हसले. "तीन दारं पलीकडे पॉलिशवाल्यांचं घर होतं. तिथली मोठी मुलगी ओदील. टोपलीवाल्या बायका काम न्यायच्या, मला तिकडे जायचं काही कामच नव्हतं. मग मी पॉलिश होऊन आलेल्या मालावर ओरखडा मारायचा आणि स्वतः घेऊन जायचं. दारात उभं राहून म्हणायचं, परत आणलाय, ओरखडा राहिलाय बघ. ती घासून द्यायची. मी पुन्हा मारायचा."

"म्हणजे माझ्या आईला ते कळलं नाही?" जिलबेर्त दारात उभी होती. तिलाही हे नवीनच होतं.

"चांगलंच कळलं. एक दिवस तिनं चाप घासलाच नाही. तसाच टोपलीत टाकला आणि म्हणाली, आता ओरखडे पुरेत, काय सांगायचंय ते घरी येऊन बापाला सांग. तो एकच ओरखडा बाहेर गेला जगात. तो हा."

आता असं पाहा, मी विमा कंपनीतला माणूस. ह्या टेकडीवरून लाखांनी चाप गेले असतील, त्यातल्या कितींवर ओरखडा असेल, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. जिलबेर्तनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की तो मी गिळला. नंतर कधी वर काढला नाही. खरं सांगायचं तर मला तो वर काढायचाही नव्हता. मला त्या चापाची खात्री आहे.

मी कपाटात मधल्या कप्प्यात निळी मखमल लावली, चापासाठी खोबण केली, दिवा बसवला. माझ्या संग्रहातली सगळ्यांत दुर्मिळ वस्तू, म्हटलं, मधोमध शोभेल. म्हाताऱ्यानं मखमलीकडे बघून नाक मुरडलं आणि चाप कोटाच्या खिशात टाकला. खोबण अजून रिकामी आहे. बघणारे विचारतात, इथलं कुठे गेलं? मी म्हणतो, मालक घेऊन फिरतात.

नोव्हेंबर लागला. मृतांच्या सणाला आम्ही सगळे शेवंतीच्या कुंड्या घेऊन दफनभूमीत जातो, तसे गेलो. चढ मोठा आहे, वारा सुटला होता. जिलबेर्तनं सासूबाईंच्या दगडावरची पानं झाडली, मी कुंडी ठेवली. पियेतबाई दोन ओळी पलीकडे नवऱ्याच्या दगडाला ब्रशनं घासत होत्या, घासता घासता त्याला काहीतरी बोलतही होत्या. सेर्वेबाबांनी टोपी काढली, खिशातून चाप काढला आणि अंगठ्यानं उघडला. टक्. मिटला. परत उघडला.

"ओदील," ते म्हणाले, "परत आणलाय. ओरखडा राहिलाय बघ."

जिलबेर्तनं तोंड फिरवलं. मी पाण्याची झारी उचलली आणि नळाकडे गेलो, कुंडीला पाणी लागत नव्हतं तरी. परत आलो तेव्हा म्हातारा चाप खिशात ठेवत होता.

"बाबा," मी म्हणालो, "इथेच ठेवायचा ना? दगडाच्या कडेला जागा करून देतो. मी सिमेंट आणीन."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं पहिल्या दिवशी बोदसोनांच्या चापाकडे बघितलं होतं.

"तुमच्या डोक्यात काही शिरायचं नाही, जावईबापू," ते म्हणाले. "इथे ठेवला तर पुढच्या खेपेला काय निमित्त सांगून येऊ?"